एन. डी. पाटील यांचं सीमालढ्यात नेमकं योगदान काय?

थोडक्यात सांगायचं तर मंत्रिपद आलं-गेलं, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न मात्र त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. एन. डी. सर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे, पण मुक्काम कोल्हापुरात. पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात सहकारमंत्री, १९८५ ला कोल्हापुरातून आमदार. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं बेळगाव म्हैसूर राज्याकडेच (आताचं कर्नाटक) ठेवायची शिफारस केली आणि पुढं बऱ्याच पुढाऱ्यांना सीमाभाग फक्त भाषणापुरता आठवू लागला. सर मात्र बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसामागं उभे राहिले, सीमाप्रश्नाच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्षही झाले. महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा लावला. जानेवारी २०२२ मध्ये सर गेले, तेव्हाही तो प्रलंबितच होता.