फराक्क्याला पाणी मोजणारी माणसं

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमध्ये बारावी सायन्स ८१ टक्क्यांनी पास झाली. सीईटीही बरी गेली. मी अंबडला कंपनीत आहे, निफाड तालुक्यात भावासोबत द्राक्षबाग आहे. मुलीला कॉम्प्युटरला घालायचं आमचं ठरलं होतं. आता ती म्हणते, शेजारी देशांमध्ये नद्या, जंगलं, हवा यांवर जे करार होतात त्यात काम करायचंय. मी स्पष्ट सांगितलं, यूपीएससी देऊन परराष्ट्र सेवेत जाणार असशील तर बोल, नाहीतर कॉम्प्युटर. मेहुणे म्हणतात, पाकिस्तान-बांगलादेशाला पाणी द्यायचं शिक्षण कशाला? महिनाभर झाला, घरात हा विषय काढायला मी बंदी केली आहे. कॅपचा, म्हणजे इंजिनीअरिंग प्रवेशाचा, फॉर्म मीच भरणार आहे. यात करिअर आहे का, एका शब्दात कळवा.
– एक पालक, नाशिक

उत्तर : आहे. एका शब्दात मागितलंत, तसं दिलं. पण पत्र वाचताना मी करिअरच्या प्रश्नापर्यंत पोहोचलेच नाही, महिनाभराच्या बंदीपाशीच अडले.

'आमचं ठरलं होतं' असं तुम्ही लिहिता. त्या ठरवण्यात मुलगी होती का? तुमच्या पत्रात मेहुण्यांचं मत आहे, तुमची अट आहे, फॉर्म कोण भरणार तेही आहे. तिचं म्हणणं मात्र एका वाक्यात उरकलंय. हा विषय तिच्या डोक्यात कुठून आला, तिने काय वाचलं, कोणाशी बोलली, यातलं काहीच नाही. तुम्हाला ते माहीत नसावं, असं मला वाटतं, कारण विचारायच्या आधीच विषय बंद झाला. बंदी केल्याने मुलांच्या डोक्यातलं जात नाही, फक्त ती आपल्याशी बोलायची थांबतात. मग दुसऱ्या वर्षाला चार विषय राहिल्यावर आईवडील तिला माझ्याकडे घेऊन येतात आणि म्हणतात, 'ही काही बोलतच नाही हो.' अशी मुलं मी खूप पाहिली आहेत. तुमची मुलगी आज बोलते आहे, तोवर ऐका.

तुमची काळजी मला कळते. अवकाळीने बाग झोडपली की त्या वर्षाचं काय होतं, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. मुलीला महिन्याच्या महिन्याला पक्का पगार मिळावा असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण ही काळजी तिला काळजी म्हणूनच सांगा. घरात पैशाचं गणित काय आहे, किती वर्षं शिकवणं झेपेल, हे तिच्यापुढे मांडा. ते समजण्याइतकी ती मोठी आहे.

आता मेहुण्यांबद्दल. त्यांचा प्रश्न मला पटला नाही, आणि निफाडच्या घरात तो विचारला जावा याचं वाईट वाटलं. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा आहे की नाही, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा किती वर्षं भांडताहेत! पाणी सोडायच्या आदल्या रात्री गावागावांत काय वातावरण असतं ते तुम्ही पाहिलंय. एकाच राज्यातली, एकाच भाषेची माणसं, तरी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. गोदावरीवर तुम्ही वरचे आहात. देश म्हणून मात्र आपण नेहमीच वरचे नाही. गंगेवर बांगलादेशाच्या वर आहोत, पण ब्रह्मपुत्रेवर चीनच्या खाली आणि कोसीवर नेपाळच्या खाली. १८ ऑगस्ट २००८ ला कोसीचा बांध फुटला तो नेपाळमध्ये, कुसहाला. बुडालं बिहार. हद्दीपलीकडच्या त्या बांधाची देखभाल १९५४ च्या करारानुसार आपल्याकडेच होती. शेजाऱ्याशी नदीबद्दल बोलणं म्हणजे त्याला काहीतरी देऊन टाकणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोसीकाठच्या माणसाला विचारावं.

पाकिस्तानचं म्हणाल तर सिंधू आणि तिच्या उपनद्यांच्या पाणीवाटपाचा सिंधू करार १९६० चा. १९६५, १९७१ आणि कारगिल, तीन युद्धांत तो टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला. देशाने घेतलेला तो निर्णय आहे, त्यावर वाद घालायची ही जागा नाही. पण करार चालू असो की थांबलेला, चिनाबमध्ये कोणत्या महिन्यात किती पाणी असतं आणि त्यातलं आपण किती अडवू शकतो, हे सांगणारा जाणकार आपल्या बाजूला लागतोच. बांगलादेशाशी झालेला गंगेचा करार १२ डिसेंबर १९९६ चा आहे, मुदत ३० वर्षांची. म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये ती संपते, पुढचं नव्याने ठरवावं लागणार. मुलगी शिकून बाहेर पडेल तेव्हा या विषयाला काम नसेल, ही भीती तरी मनातून काढून टाका.

तुमची अट मात्र चुकीच्या समजावर उभी आहे. हे काम राजदूतांचं, म्हणून परराष्ट्र सेवा मिळाली तरच त्याला अर्थ, असं तुम्ही धरून चाललात. सहीच्या दिवशी फोटोत मंत्री आणि अधिकारी दिसतात, म्हणून तसं वाटतं. करार चालवणारी माणसं वेगळी असतात. पश्चिम बंगालमध्ये गंगेवरच्या फराक्का धरणापाशी १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या महिन्यांत धरणाखालचा प्रवाह, भारताकडे पाणी वळवणाऱ्या फीडर कालव्यातला प्रवाह आणि जहाजांच्या लॉकमधून जाणारं पाणी रोज मोजलं जातं, दोन्ही देशांच्या पथकांसमोर. तसंच मोजमाप बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी होतं. दहा दिवसांची सरासरी काढतात आणि त्यावर वाटा ठरतो: ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं, ७५,००० च्या वर गेलं तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशाला. मोजणाऱ्याची नोंद चुकली तर मंत्र्याच्या सहीला काय अर्थ राहिला? सिंधू करारात तर दोन्ही देशांचा आयुक्त हा शक्यतो जलविज्ञान जाणणारा वरिष्ठ अभियंताच असावा, असं लिहूनच ठेवलंय. या कामाला अभियंते लागतात, भूशास्त्रज्ञ, वनाधिकारी, आंतरराष्ट्रीय कायदा शिकलेले वकील लागतात, पुराचं मॉडेल चालवणारे प्रोग्रामरही लागतात. परराष्ट्र सेवा ही त्यातली एक वाट आहे. लाखो मुलं बसतात त्या परीक्षेवर मुलीचं सगळं आयुष्य टांगून ठेवायचं आणि नाही जमलं तर 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायचं, याला माझा स्पष्ट विरोध आहे.

वाटा थोडक्यात: सीईटीतून सिव्हिल, पुढे रुडकीला जलविज्ञानात एमटेक, किंवा इंजिनीअरिंग सर्व्हिसेसची परीक्षा देऊन केंद्रीय जल अभियांत्रिकी सेवा. नाहीतर बीएस्सी करून पर्यावरणशास्त्र किंवा भूशास्त्रात एमएस्सी. कायद्याची वाट पाच वर्षांची. ८१ टक्के यातल्या कशालाच आड येत नाहीत.

खरं तेही सांगते. या क्षेत्रात जागा थोड्या आहेत. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा एखाद्या प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात, आणि पदवीवर भागत नाही, एमटेक-एमएस्सी करावंच लागतं. काठमांडूला हिंदुकुश-हिमालयातल्या आठ देशांसाठी काम करणारी 'इसिमोड' ही संस्था १९८३ पासून आहे, तिथे जायचं स्वप्न तिने जरूर बघावं. पण त्याच्या आधी बरीच वर्षं आकडेवारीत आणि चिखलात काढावी लागतात. हे ऐकून तिचा उत्साह टिकतो का, ते बघायला हवं. सिव्हिलची पदवी हातात असेल तर बेत बदलला तरी नाशिकमध्येच काम मिळू शकतं, हा मुद्दा मी तिच्यापुढे नक्की मांडेन. कॉम्प्युटरही तिने स्वतः निवडलं तर माझी हरकत नाही.

एक सुचवते. गावी जाल तेव्हा तिला नांदूर मध्यमेश्वरला घेऊन जा. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा, तुमच्याच तालुक्यात आहे. हिवाळ्यात तिथे उतरणारी कित्येक बदकं मध्य आशियाकडून येतात. त्यांचा हा हवाई मार्ग ३० देशांवरून जातो, आणि वाटेतल्या एका देशाने आपलं तळं बुजवलं तरी त्याचा फटका पुढच्या सगळ्यांना बसतो. आत्ता पक्षी नसतील, पण गोदावरी आणि कादवा मिळतात तो बंधारा आहे. तिथे तिला बोलू द्या. तुम्ही फक्त विचारा, मध्ये तोडू नका.

फॉर्मचं लॉगिन तिच्याकडे द्या. पसंतीक्रम तिने लावावा, तुम्ही शेजारी बसा, फी आणि हॉस्टेलचं बोला. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांगा: गणित आणि भौतिकशास्त्र किती आवडतं, घरापासून लांब राहायची तयारी आहे का, नद्या, जंगलं, हवा यांतलं नेमकं काय तिला खुणावतं. विषय आणि कॉलेजं यांवर मी तिच्याशीच बोलेन.