मिशन ट्रिपवरून आल्यावर देव लांब गेलाय असं वाटतं, मग तिथला विश्वास खोटा होता का?

सुट्ट्या संपल्या की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे दुसऱ्या गावी सेवेला, जाऊन आलेली कॉलेजची मुलंमुली असतात, तिकडे प्रार्थनेला बसलं की डोळे भरून यायचे आणि इकडे महिन्याभरात बायबल उघडावंसंही वाटत नाही, मग घाबरतात. एका मुलीची गोष्ट सांगते, तिची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष. पहिल्याच सेशनला बसता बसता म्हणाली, "मॅडम, मला वाटतं मी तिथे नाटक करत होते."

मी तिला ट्रिपचा एक दिवस सांगायला लावला, उठल्यापासून झोपेपर्यंत. पहाटे उठून सगळ्या टीमने मिळून बायबलमधलं वचन वाचायचं, दिवसभर शाळेच्या खोल्या रंगवायच्या, मुलांबरोबर खेळायचं, रात्री गोल करून बसायचं आणि आज देव कुठे दिसला ते प्रत्येकाने सांगायचं, फोन लीडरकडे जमा. मग म्हटलं आता कालचा दिवस सांग. हॉस्टेलची खोली, रात्री दोनपर्यंत असाइनमेंट, झोप जेमतेम चार-पाच तास, सकाळचं लेक्चर, फोन सतत हातात, आणि देव कुठे दिसला हे विचारणारं कुणीच नाही. म्हटलं, अगं तिथे तुला अख्ख्या टीमने धरून ठेवलं होतं, इथे तू तेच सगळं एकटीने करायला बघतेयस आणि जमलं नाही की स्वतःला खोटारडी म्हणतेयस.

परतल्यावर असं रितं वाटणं नवीन नाही, याला रिव्हर्स कल्चर शॉक म्हणतात, गुलाहॉर्न या संशोधक पती-पत्नींनी १९६३ मध्येच यावर लिहिलंय. आणि खास मिशन ट्रिपबद्दल कर्ट व्हर बीक या संशोधकाचा २००६ चा अभ्यास आहे. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये घरं बांधायला गेलेल्या उत्तर अमेरिकन लोकांच्या आयुष्यात नंतर काय बदललं हे त्यांनी बघितलं, तर टिकलेला बदल फार थोडा निघाला. त्यांनी रोपट्याचं उदाहरण दिलंय, वाकवलेलं रोपटं हात सोडला की परत पहिल्यासारखं होतं, त्याला काही काळ बांधून ठेवावं लागतं. मला हे फार पटतं. ट्रिपआधी महिनोन्महिने ट्रेनिंग असतं आणि आल्यानंतर एक फोटो दाखवायची संध्याकाळ, बस, आणि याचा दोष मी मुलांना अजिबात देणार नाही.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची आठवणही करून दिली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच पुढच्याच अध्यायात तो झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत त्याला रागवत नाही, खायला देतो, परत झोपू देतो, परत उठवून खायला देतो. तेव्हा आमचं पहिलं ठरलं ते झोपेचं, प्रार्थनेचं नंतर.

मला वाटलं होतं एवढ्याने होईल. पण तिसऱ्या सेशनलाही तो 'नाटक' शब्द जाईना, तेव्हा मी विचारलं की नाटक केल्यासारखं नेमकं कधी वाटलं? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ट्रिपवर नाही, आल्यावर. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं तेव्हा. सगळे खूश होते, ज्यांनी पैसे दिले ते समोर बसलेले, म्हणून तिने फक्त आनंदाचंच सांगितलं. शेवटच्या दिवशी एक लहान मुलगा तिचा हात सोडेना, परत कधी येणार विचारत होता, आणि ती "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून गाडीत बसली, हे नाही सांगितलं. पुढच्या वर्षी जाता येणार नाही हे तिला तेव्हाही माहीत होतं.

म्हणजे प्रार्थनेला बसलं की तो मुलगा समोर यायचा, आणि म्हणून ती बसायचीच नाही.

मी तिला "जाऊ दे, विसर" असं म्हटलं नाही. दर सुट्टीत नवे ताई-दादा येतात, जीव लावतात आणि जातात, हे त्या मुलांना खरंच सोसावं लागतं, त्यामुळे तिला टोचत होतं ते योग्यच टोचत होतं. विश्वास आटला असता तर टोचलं असतं का? आम्ही मिळून तिथल्या चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) पत्र लिहिलं, जे घडलं ते सरळ सांगून, आणि आता त्या मुलासाठी काय योग्य ते तुम्हीच सांगा असं विचारून. उत्तर यायला वेळ लागला. त्यांनी लिहिलं की भेटवस्तू पाठवू नका, ती येणार नाही हे मी त्याला समजावून सांगतो, तुम्ही त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा.

आता टीममधल्या दोघीजणींबरोबर ती आठवड्यातून एकदा बसते, फोन बाजूला ठेवून, आणि रात्रीचा तोच जुना प्रश्न एकमेकींना विचारतात. कधी कधी उत्तर "कुठेच नाही" असंही असतं, आणि ते तसंच बोलायचं असं त्यांनी ठरवलंय. डोळ्यात पाणी वगैरे अजून येत नाही म्हणाली. पण पहिली प्रार्थना त्या मुलाच्या नावाने होते.