घरच्या वापराला टॅब्लेट : 8, 11 की 13 इंची?

तुमची गरज अशी : फोंडा-पणजी कदंब बसच्या प्रवासात वाचन, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, वडिलांना पेपर. मी 11 इंचीच घ्या म्हणेन.

कारण पीडीएफ. शाळेच्या नोट्स आणि सरकारी अर्ज बहुधा ए-फोर पानावर असतात. 16:10 प्रमाणाच्या 11 इंची पडद्यावर, टॅब उभा धरला तर, ते पान मूळ आकाराच्या सुमारे 70 टक्के दिसतं, 8.7 इंचीवर जेमतेम 56. वडिलांना प्रत्येक ओळीला चिमटीने मोठं करत बसावं लागेल, आणि दोन दिवसांत ते टॅब बाजूला ठेवतील. 13 इंची वाचायला सुंदर, पण बसमध्ये हातात धरून पाहा, मनगट भरून येतं.

रॅम 8 जीबी घ्या, 4 मध्ये वर्षभरात रखडायला लागतो. स्टोरेज 128 पुरे, मेमरी कार्डाची सोय असली की झालं. अँड्रॉइडचे अपडेट किती वर्षं मिळणार हे मात्र दुकानात विचाराच. हा प्रश्न लोक विसरतात.

सिमचं मॉडेल घ्यायची गरज नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर भागतं. पण पावसात आपल्याकडे वीज गेली की वायफायही जातं, आणि मुलगी एकटी घरी असेल तर फोन तुमच्याबरोबर पणजीला. तसं असेल तर सिमवालाच घ्या.

बसच्या खिडकीशी वाचायचं तर पडद्याचा उजेड निदान 400 निट्स (हे उजेड मोजायचं एकक) हवा.