डोक्याला तारा लावून भाषा कशी समजते हे कळतं का?

तुम्ही विचारलंय की डोक्याला तारा लावून माणूस वाक्य कसं समजून घेतो हे खरंच कळतं का, आणि कळत असेल तर मनातलंही वाचता येईल का.

मनातलं वाचता येत नाही, हे आधी सांगून टाकते. डोक्याला लावलेल्या तारांनी मेंदूतल्या विजेचे चढउतार टिपतात, त्याला ईईजी म्हणतात. 'आज भाजी काय करू' हा विचार त्या ईईजीच्या आलेखात शोधून सापडणार नाही. समोर आलेला शब्द डोक्यात सहज शिरला की अडला, आणि नेमका कोणत्या क्षणी, हे मात्र दिसतं.

शिकत असताना मी स्वतः अशा एका प्रयोगात बसले होते. पोहताना घालतात तशी घट्ट टोपी, तिच्यात इलेक्ट्रोड, प्रत्येकाखाली सिरिंजने भरलेलं थंडगार जेल. पडद्यावर अख्खं वाक्य येत नाही, एकेक शब्द येतो आणि जातो. सूचना एकच: वाक्य चालू असताना पापणी हलवायची नाही. असं कुणी बजावलं की डोळे कसे चुरचुरतात ते करून पाहा! पण त्यांचाही इलाज नसतो. हवा असलेला संकेत जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा आणि पापणीची एक उघडझाप त्याच्या कित्येक पट मोठी. शिवाय एका वाक्यावरून काहीच कळत नाही. एकाच धाटणीची तीस-चाळीस वाक्यं दाखवून सरासरी काढली की गोंगाटातून लाट वर येते.

यातली सगळ्यात गाजलेली लाट १९८० साली सापडली. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना भलत्याच शेवटाची वाक्यं वाचायला दिली. उदाहरणार्थ, 'लोणी'च्या जागी 'मोजे': त्याने गरम पावाला मोजे फासले. असा शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी आलेख ऋण बाजूला झुकला, म्हणून नाव पडलं एन४००. (ऋण बाजू आलेखात वर काढायची जुनी पद्धत आहे. पहिल्यांदा बघणारा हमखास उलटं वाचतो. मीही वाचलं होतं.) शेवटचा शब्द बरोबरच ठेवून नुसता मोठ्या अक्षरांत दाखवला, तेव्हा मात्र हा झुकाव आला नाही, धन बाजूची लाट आली. म्हणजे ही काही नुसत्या दचकण्याची खूण नव्हती.

पुष्कळ ठिकाणी एन४०० म्हणजे 'मेंदूची चूक पकडणारी घंटा' असं लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. अर्थ असलेल्या प्रत्येक शब्दाला ही लाट येते, अगदी 'लोणी'लासुद्धा. आधीच्या शब्दांनी वाट तयार करून ठेवली असेल तर ती लहान येते, नसेल तर मोठी.

१९८३ सालचा एक अमेरिकी प्रयोग यासाठी मला फार आवडतो. 'रॉबिन हे झाड नाही' हे वाक्य शंभर टक्के खरं. तरी 'झाड'ला एन४०० मोठा आला. 'रॉबिन हा पक्षी नाही' हे धडधडीत खोटं, पण तिथे लहान. रॉबिन म्हटल्यावर पक्षी तयारच होता, नकार कुठे हिशेबात धरलाच गेला नाही. यावरून 'मेंदूला आधी खऱ्याखोट्याशी देणंघेणं नसतं' असं म्हणावंसं वाटतं ना? थांबा. २००४ मध्ये पीटर हागोर्ट आणि सहकाऱ्यांनी डच लोकांना वाचायला दिलं: डच रेल्वेगाड्या पिवळ्या आहेत, पांढऱ्या आहेत, आंबट आहेत. तिथल्या गाड्या पिवळ्या, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. 'आंबट'ला मोठा एन४०० येणारच होता. पण 'पांढऱ्या'लाही तेवढाच आला, आणि त्याच वेळी. आपल्याकडे 'लाल डबा जांभळा असतो' आणि 'लाल डबा तुरट असतो' यांची तुलना करावी तसं हे. शब्दाचा अर्थ आधी आणि जगाचं ज्ञान मागाहून, अशी रांग लागत नाही.

व्याकरण मोडलं तर सहसा दुसरी लाट येते, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास, धन बाजूची. ती पी६००. हिंदीत कर्त्याशी क्रियापद जुळवलं नाही तेव्हाही ती दिसलेली आहे. बरीच वर्षं हिशेब सोपा वाटायचा: अर्थ बिघडला तर एन४००, व्याकरण बिघडलं तर पी६००. मग २००५ साली किम आणि ऑस्टरहाउट यांनी 'चविष्ट जेवण मुलांना फस्त करत होतं' या धर्तीची इंग्रजी वाक्यं दिली. व्याकरण ठाकठीक, अर्थाचा चुथडा, आणि लाट आली पी६००ची! जेवण, मुलं, फस्त करणं यांचं आपसात इतकं जमतं, की वाचणाऱ्याच्या डोक्याने अर्थ गृहीत धरला आणि क्रियापदाच्या रूपालाच चुकीचं ठरवलं असावं, असं त्यांचं म्हणणं. यावर अजून वाद चालू आहेत, आणि मला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो.

हे मेंदूत नेमकं कुठे घडतं, ते सांगण्यात ईईजी कच्ची. त्यासाठी एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम टिपणारं चुंबकीय स्कॅन, बरं, पण ते रक्तप्रवाह मोजतं आणि त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात आपलं वाक्य वाचून संपलेलं असतं.

कुठे असा प्रयोग चालू असेल तर जरूर जाऊन बसा. आदल्या रात्री डोक्याला तेल मात्र लावू नका, इलेक्ट्रोड नीट लागत नाहीत.