वाचकांचे प्रश्न : शेतकरी कायदेमंडळात

प्रश्न : १८५२ साली सावदा, यावल भागातील शेतकऱ्यांनी इंग्रज सरकारच्या जमीनमोजणीला विरोध केला, तेव्हा त्यांची बाजू मांडणारा कायदेमंडळात कोणी नव्हता. स्वतंत्र अमेरिकेत वकील-व्यापाऱ्यांच्या पंक्तीला एखादा शेतकरी बसला होता काय, आणि त्याचा शेतकऱ्यांना उपयोग झाला काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : बसला होता. विल्यम फिंडली हे उत्तर आयर्लंडमधून पेनसिल्व्हेनियात आलेले विणकर. क्रांतियुद्धानंतर ते ॲलेघनी पर्वतापलीकडील वेस्टमोरलँड परगण्यात शेती करू लागले आणि तेथूनच राज्याच्या विधिमंडळात गेले.

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेला मान्यता देण्यासाठी १७८७ च्या अखेरीस फिलाडेल्फियात सभा भरली, तेव्हा दिवाणी खटल्यांत ज्यूरीची (निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाची) हमी नाही, अशी हरकत त्यांनी घेतली आणि ओघात स्वीडनमधील जुन्या ज्यूरीपद्धतीचा दाखला दिला. राज्याचे मुख्य न्यायाधीश मॅककीन आणि नामांकित वकील विल्सन यांनी, स्वीडनमध्ये असे काही नव्हतेच, असे म्हणत त्यांना खोटे ठरवले. पुढे फिंडली इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनच्या कायदेग्रंथाचा तिसरा खंड घेऊनच सभेत आले आणि त्यांनी स्वीडनच्या ज्यूरीचा उतारा दाखवला. (हा ग्रंथ त्या दोघा कायदेपंडितांच्या नित्य वापरातला असणार!) मतदान मात्र घटनेच्या बाजूने ४६ विरुद्ध २३ असे झाले.

१७९१ मध्ये ते केंद्रीय प्रतिनिधिगृहात गेले आणि त्याच वर्षी दारूवर अबकारी कर बसला. डोंगर ओलांडून धान्य नेण्याचे भाडे परवडत नसल्याने तिकडचे शेतकरी धान्याची व्हिस्की काढून विकत. म्हणजे हा कर त्यांच्या पिकावरच होता, आणि त्याच्या खटल्यांसाठी दूर फिलाडेल्फियाला जावे लागे. जून १७९४ मध्ये असे खटले राज्याच्या न्यायालयांतही चालवण्याची मुभा मिळाली, पण जुलैमध्ये बजावलेली समन्से फिलाडेल्फियाचीच निघाली आणि बंड पेटले. कराला विरोध असूनही फिंडली यांना जाळपोळ मान्य नव्हती. ऑक्टोबरात कार्लाइल येथे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना भेटून, लोक आता शांत झाले आहेत, सैन्य आणू नये, अशी विनंती त्यांनी केली. तरीही सैन्य आलेच.

तेव्हा, तात्काळ उपयोग झाला असे म्हणता येत नाही. कर १८०२ मध्ये रद्द झाला, त्या वेळी फिंडली केंद्रात नव्हे, तर राज्याच्या सिनेटमध्ये होते. मतदारांनी मात्र १८०३ पासून त्यांना पुन्हा केंद्रात पाठवले आणि १८१७ पर्यंत तेथेच ठेवले.