बायपासनंतर माइंडफुलनेस, आर्ट थेरपी वगैरेंचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबांची बायपास होऊन दोन महिने झाले, रिपोर्ट छान आहेत, पण ते गप्प-गप्प असतात आणि आमटीत मीठ कमी पडलं तरी चिडतात. हॉस्पिटलवाल्यांनी माइंडफुलनेस (श्वासावर किंवा समोर जे आहे त्यावर लक्ष ठेवून बसणं) आणि आर्ट थेरपी (चित्रं काढून मन मोकळं करणं) यांची आठ सेशन्स सुचवलीत, बारा हजार सांगतायत. हा पैसे काढायचा प्रकार आहे का, आणि मुंबईत चांगलं कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग होतो. पण डोळे मिटून बसण्याने सुरुवात करू नका. आधी हाताला काम द्या, बसणं मागाहून. का, ते सांगतो. थोडं लांबेल.

मी मध्य रेल्वेवर मोटरमन होतो. एकोणीस वर्षं लोकल चालवली. २०१५ साली, ५१ व्या वर्षी, नाइट करून मुलुंडला घरी आलो तर जबडा दुखत होता, तोही उजवा. दाढ असेल म्हणून लवंग धरून आडवा झालो. बायकोने उशीवरचा घाम बघितला आणि मला काही न विचारता खाली जाऊन रिक्षा घेऊन आली. एलएडी, म्हणजे हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी, ९५ टक्के बंद. एक स्टेंट, चौथ्या दिवशी घरी. नातेवाईक म्हणाले, सुटलास.

पण माझं ए-वन मेडिकल, म्हणजे रेल्वेच्या तब्येत तपासणीतला सगळ्यात वरचा दर्जा, गेलं. मोटरमनला ए-वन लागतं, ते गेलं की गाडी गेली, मग ऑफिसात टेबल. या नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या मागे गर्दीच्या वेळी तीन-चार हजार माणसं असायची, त्यांच्या जागी मी असतो तर मलाही असा मोटरमन नको असता. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. लोकलच्या हँडलला डेडमन असतो. गाडी चालू असताना हँडल दाबूनच धरायचं, हात सुटला की गाडी आपोआप ब्रेक मारते. मोटरमन गेला तरी पॅसेंजर जाऊ नयेत म्हणून. एकोणीस वर्षं मी ते दाबून धरलं आणि ते माझ्या मरणाची सोय म्हणून बसवलंय हे कधी मनातही आलं नाही. स्टेंटनंतर दुसरं काही येईना.

मग नाडी बघायची सवय लागली. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, दर पाच-दहा मिनिटांनी. जेवताना, सीरियल बघताना, वाण्याकडे सुटे पैसे मोजतानासुद्धा. मेटोप्रोलॉल चालू होती, त्यामुळे नाडी ५४-५६ असायची. गोळीने ती कमीच राहते हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं, तरी ५४ आकडा आला की वाटायचं, आता थांबणार. बायको पाहुण्यांना सांगायची, हे घड्याळ बघतात, लक्ष देऊ नका. रात्री डाव्या कुशीवर झोपलो की ठोके उशीतून कानात यायचे. म्हणून सहा महिने मी उजव्या कुशीवर झोपलो.

माझा थोरला भाऊ, अण्णा, लालबागला चाळीत राहतो. त्याचं एकच म्हणणं, ‘मन खंबीर ठेव. एवढ्या गाड्या चालवल्यास आणि आता रडतोस कसला?’ त्याने कुठूनतरी एका दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराची माहिती काढली आणि मला न विचारता नाव घातलं. स्टेंट पडून तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. फॉर्मवर आजारपणाचा रकाना होता, तिथे अण्णाने ‘बीपी’ एवढंच लिहिलं. मी सही केली. ती चूक माझीच.

पहिल्या दिवशी सांगितलं, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. आता मला सांगा, ज्या माणसाचं लक्ष चोवीस तास छातीतच अडकलंय त्याला अजून छातीत बघायला सांगून काय होणार? दहा मिनिटांत मला श्वास ऐकूच येईना, फक्त ठोके. त्यातला एक चुकला. एखादा ठोका चुकणं सगळ्यांचंच होतं, पण गोंगाटात कळत नाही. तिथे शंभर माणसांच्या शांततेत तो मला जिन्याची पायरी चुकल्यासारखा कळला. दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट. मिटल्या डोळ्यांपुढे रूळ यायला लागले. मोटरमनच्या नोकरीत रनओव्हर, म्हणजे गाडीखाली माणूस येणं, चुकत नाहीत. माझ्या हातून किती झाले ते मी इथे लिहीत नाही, आकडा मला पाठ आहे. तेव्हा रिपोर्ट लिहायचा आणि पुढच्या गाडीला लागायचं. बसून बघायला कधी कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी भरली आणि स्टेशन गाठलं.

तेव्हापासून आजतागायत प्रत्येक लग्नात अण्णा हा किस्सा सांगतो. ‘हा दीड दिवसाच्या गणपतीसारखा परत आला.’ सगळे हसतात. मीही हसतो. पण मी पळालो नव्हतो. शिबिरातली माणसं भली होती आणि अनेकांना तिथे बरं वाटतं, हेही खरं. ते माझ्यासाठी नव्हतं, आणि त्या महिन्यात तर मुळीच नव्हतं.

नंतर हॉस्पिटलच्या रिहॅबमध्ये फिजिओनेच मला कौन्सेलरकडे ढकललं. तिथे दर बुधवारी आर्टचा तास. आम्ही पाच जण. भायखळ्याला मासे विकणारी एक मावशी, एक बँकेतून रिटायर झालेले, एक कापडवाले शेठ, एक कॉलेजातला मुलगा, त्याची व्हॉल्व्ह बदललेली, आणि मी. शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी म्हणाली, तुमचं हृदय तुम्हाला कसं दिसतं ते काढा. शेठजींनी तिजोरी काढली. मावशीने पापलेट काढलं आणि म्हणाली, मला हेच येतं. मी कोरा कागद घेऊन बसलो. सातवीत एलिमेंटरीला बसलो होतो, स्मरणचित्रात नापास, त्यानंतर ब्रश हातात धरला नव्हता. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, बरं, मग तुम्हाला रोज समोर जे दिसायचं ते काढा.

मी केबिनच्या काचेतून दिसणारा कळव्याजवळचा रूळ काढला. ओव्हरहेडचे खांब, गिट्टी, बाजूला गवत आणि सिग्नल दोन पिवळे. साधे मेणाचे खडू होते. मी रूळ आधी काळ्याने घासले होते, त्यामुळे पिवळा लावायला गेलो तर काळा त्यात उतरला आणि दोन्ही दिवे शेवाळी झाले. नखाने खरवडून पुन्हा लावले, अजून शेवाळी. तिने विचारलं, हे पिवळे का निवडलेत? तिला वाटलं असणार यात काहीतरी दडलंय. दडलेलं काही नव्हतं, तिथे रोज दोन पिवळेच मिळायचे. मी म्हटलं, मॅडम, सिग्नल असा धड न पिवळा न हिरवा दिसला तर नियमाने तो लालच धरायचा, तेव्हा ही गाडी इथेच उभी राहणार. ती हसली, मावशीही हसली. मग तास संपला म्हणून कोणीतरी दार वाजवलं आणि मला कळलं की चाळीस मिनिटांत मी एकदाही मनगट धरलेलं नाही. धरणार कसं? एका हातात खडू, दुसऱ्या हाताने कागद दाबलेला.

माझा सगळा अनुभव एवढाच आहे. मन शांत झालं, प्रकाश दिसला, असलं काही नाही. बोटं मोकळी नव्हती. सात-आठ आठवड्यांनी त्याच मुलीने डोळे उघडे ठेवून बसायला शिकवलं. तळपाय जमिनीला कुठे टेकतात ते बघा, पंख्याचा आवाज ऐका, श्वासाचं नाव नाही. ते जमलं. श्वास वर्षभराने आला, आता त्रास देत नाही.

वाचायला आता वेळ आहे, म्हणून थोडं तुमच्या ‘खरंच का’बद्दल. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला मोठं डिप्रेशन येतं, आणि ज्यांना येतं त्यांची पुढची वाटचाल इतरांपेक्षा वाईट होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली याला धोक्याचा घटक माना असं सांगितलं. बायपासनंतरही असंच मन खचतं, टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ते दिसत नाही. तेव्हा रिपोर्ट छान आहेत म्हणून बाबांनी आनंदी असलंच पाहिजे, असं त्यांना घरात कोणी ऐकवत असेल तर ते आधी थांबवा. तुमची आठ सेशन्स बहुधा जॉन कबाट-झिन यांच्या आठ आठवड्यांच्या कोर्सवरून आली असावीत, तो त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला सुरू केला. आर्ट थेरपी हा शब्द १९४२ चा, एड्रियन हिल नावाच्या इंग्लिश चित्रकाराचा. तो स्वतः टीबीने सॅनेटोरियममध्ये पडून होता आणि वेळ जाईना म्हणून पलंगावरून दिसेल ते काढत बसायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं.

मात्र याने ब्लॉकेज उघडतात असं कोणी म्हणालं तर उठून या. आपल्याच देशात २४ हॉस्पिटलांत, अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ जणांवर योगा-केअर नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. ज्यांना योग आणि ध्यान शिकवलं त्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ते आपल्या जुन्या कामांकडे जास्त परतले. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत मात्र ठामपणे सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. गाडी परत मिळाली नाही तरी वाण्याकडे दोन्ही हातांनी पैसे मोजता येणं माझ्यासाठी पुष्कळ होतं.

बारा हजारांचं म्हणाल, तर कागद-खडू दोनशे रुपयांत येतात. उरलेले पैसे ऐकणाऱ्याचे. ऐकणारा चांगला असेल तर महाग नाही. छापील मंडला (रंग भरायची गोल नक्षी) हातात देऊन स्वतः मोबाइल बघत बसणारा असेल तर दोनशेही जास्त. एक सेशनचे पैसे भरा, बाबांना घरी परतताना विचारा, मग ठरवा. कुठे मिळेल हे मला सांगता येणार नाही, मी गेलो तो तास बंद झाला.

आणि अण्णा. २०१९ मध्ये त्याची बायपास झाली, तीन ग्राफ्ट. पायातली शीर काढलेली, खोकला आला की उशी छातीशी धरायची, जड उचलायचं नाही. मन खंबीर होतंच. तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, भावजी, हे बोलतच नाहीत हो. गेलो तर अण्णा गॅलरीत खुर्चीवर. मी काही बोललो नाही. दिवाळी जवळ होती. चाळीच्या पोरांनी कंदिलासाठी बांबूच्या कामट्या आणून टाकल्या होत्या, त्यातल्या चार उचलून मी त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि दोऱ्याची गुंडी दिली. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, खळ शिजवून मागितली. दिवाळीपर्यंत त्याने सतरा कंदील केले, जिलेटीन पेपर असा ताणून लावलेला की एक सुरकुती नाही. आता विचारलं तर म्हणतो, वेळ जात नव्हता म्हणून केले, थेरपी-बिरपी काही नाही. अण्णा, हे उत्तर तुला कोणीतरी फॉरवर्ड करेलच. तेव्हा माझ्या नाकारण्याला पळणं म्हणू नकोस, तुझ्या कंदिलांना मी थेरपी म्हणणार नाही. फिट्टंफाट.

राहिलेलं सांगतो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. गोळ्या एक दिवसही बंद नाहीत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या. छातीत दुखलं, जबडा दुखला, दरदरून घाम आला तर श्वास मोजत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, बोलणं सगळंच गेलं असेल तर आर्ट थेरपी पुरणार नाही, सायकियाट्रिस्टला दाखवा. हृदयाच्या पेशंटला चालतील अशी डिप्रेशनची औषधं आहेत, फक्त ती कार्डिओलॉजिस्टला कळवून. ‘जगून काय करू’ असं बोलत असतील तर त्याच दिवशी. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि माझी अँजिओप्लास्टी होती, म्हणजे नुसता स्टेंट, तुमच्या बाबांची बायपास, तेव्हा शरीराच्या बाबतीत माझं काही ऐकू नका.

बाबा काय काम करायचे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. कमेंटमध्ये सांगा, त्यावर त्यांच्या हातात काय द्यायचं ते ठरेल.