वाचक विचारतात : जिरोना प्रांतात सात दिवस

प्रश्न : गणपतीचे विसर्जन झाल्यावर आम्ही उभयता आणि माझ्या सासूबाई (वय 68) दहा दिवसांसाठी स्पेनला जात आहोत. बार्सिलोनाचे तीन दिवस ठरले आहेत. उरलेल्या सात दिवसांत उत्तरेकडील जिरोना प्रांतातले समुद्रकिनारे, जुनी गावे आणि थोडी शेतीवाडी पाहावी असे वाटते. मुक्काम किनाऱ्यावरच ठेवावा का? गाडी भाड्याने घ्यावी लागेल का? सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सातही रात्री किनाऱ्यावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लानेसपासून फ्रान्सच्या सीमेपर्यंतच्या या किनाऱ्याला ‘कोस्टा ब्राव्हा’, म्हणजे रांगडा किनारा, हे नाव 1908 मध्ये फेरान अगुयो या पत्रकाराने रूढ केले, आणि ते भूगोलाला धरूनच आहे. येथे कड्यांच्या मधल्या खाचांत छोट्या पुळणी दडलेल्या आहेत, आणि रेल्वेचा मार्ग मधला बहुतेक किनारा सोडून आतून जिरोना आणि फिगेरेस या शहरांवरून जातो. त्यामुळे एका पुळणीवर मुक्काम ठेवला की शेजारची पुळणसुद्धा लांब पडते. संपूर्ण प्रांत मात्र आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षा लहान आहे. म्हणून चार रात्री जिरोना शहरात आणि तीन रात्री लेस्काला या किनाऱ्यावरच्या गावी काढाव्यात.

बार्सिलोनाहून वेगवान रेल्वेगाडीने जिरोना सुमारे 40 मिनिटांवर आहे. येथील कॅथेड्रलचा मधला दालनभाग जवळजवळ 23 मीटर रुंद असून गॉथिक शैलीत एवढे रुंद दालन जगात दुसरे नाही; मात्र पुढच्या बाजूने नव्वदच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. सासूबाईंना खालच्या ओन्यार नदीच्या पुलावर, रंगीत घरांच्या सावलीत, अर्धा तास बसवून आपण वर जाऊन यावे. जुन्या ज्यू वस्तीच्या बोळांतही फरसबंदी उंचसखल आहे. 1492 मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी होईपर्यंत ही वस्ती नांदती होती.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो फ्लुव्हिया नदीला. तिचा काठ धरला की डोंगर, गाव आणि समुद्र हे तिन्ही एका सूत्रात पाहता येतात. ओलोतजवळच्या गारोचा भागात झोपी गेलेले ज्वालामुखी आहेत आणि त्यांच्या उतारांवर आज ‘बीच’ नावाच्या पानझडी वृक्षांचे जंगल वाढलेले आहे. तेथून जवळच कास्तेलफोयित दे ला रोका हे गाव सुमारे 50 मीटर उंच, काळ्या पाषाणाच्या कड्यावर एका ओळीत उभे आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्या माणसाला हे खडकाचे उभे खांब लगेच ओळखीचे वाटतील, कारण दोन्हीकडे लाव्हा थंड होतानाच असे खांब तयार झाले. फरक वयाचा आहे : आपली टेकडी साडेसहा कोटी वर्षांची, तर हा कडा जेमतेम दोन लाख वर्षांचा. तो कोरण्यात याच फ्लुव्हियाचा वाटा आहे. पुढे ती बेसालूच्या मध्ययुगीन पुलाखालून जाते. या पुलाचे पाय नदीतल्या मूळ खडकांवर रोवल्यामुळे तो मधेच कोन करून वळतो, आणि छायाचित्रांत न जाणवणारी ही गोष्ट प्रत्यक्ष चालताना ध्यानात येते.

नदी जेथे समुद्राला मिळते, तेथून थोडे दक्षिणेला, लेस्कालाच्या अगदी शेजारी, एंपुरिएस आहे. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात ग्रीक व्यापाऱ्यांनी ही वसाहत वसवली. ‘एंपोरिऑन’ म्हणजेच बाजारपेठ. इसवी सनपूर्व 218 मध्ये रोमन सैन्य येथेच उतरले. खाली ग्रीक वस्ती, वर रोमन नगर, आणि समोर वाळूत ग्रीकांच्या धक्क्याचे दगड. आपल्या सोपाऱ्याच्या बंदराची येथे हटकून आठवण होते. लेस्कालाहून समुद्राच्या कडेने सपाट रस्ता असल्याने सासूबाईंनाही चालत जाता येईल, आणि भग्नावशेष पाहून झाल्यावर त्याच पुळणीवर पाय भिजवता येतील. सप्टेंबरअखेर पाणी अद्याप कोमट असते. फक्त ‘त्रामुंताना’ हा उत्तरेकडचा वारा सुटला तर त्या दिवशी समुद्राचा नाद सोडून फिगेरेसला दाली संग्रहालय पाहावे. या चित्रकाराची समाधीही तेथेच आहे.

गाडी दोनच दिवस, गारोचासाठी, घ्यावी. बेसालू आणि ओलोतला जिरोनाहून बस जाते, पण गुडघेदुखी असताना थांब्यांवर ताटकळणे बरे नव्हे. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, आणि तेथे उजव्या बाजूने चालवायचे असते हे पहिल्या चौकात विसरू नये.

जेवणाबाबत एक सावधगिरी हवी. प्रांतातल्या पाल्स गावचा तांदूळ प्रसिद्ध आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथे भाताची कापणी चाललेली दिसेल. परंतु उपाहारगृहातला भात बहुधा माशांच्या रश्शात शिजवतात. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. स्थानिक कातालान भाषेत ‘नी कार्न नी पेश’, म्हणजे मांस नको आणि मासेही नकोत, असे सांगावे. टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेली वांगी-मिरची यांवर पोट भरते, मात्र त्यावर अँचोव्ही मासा नको हेही आधीच बजावावे. रात्रीचे जेवण साडेआठपूर्वी क्वचितच मिळते, तेव्हा सोबत थोडे दशम्या-चिवडा असू द्यावा.

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे आम्हाला मे महिन्यातच जाता येते. याच प्रांतात जावे का? व्हिसाची तयारी कधी सुरू करावी?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : अवश्य जावे, पण मुलांना पोहण्याचे वचन देऊ नये, कारण मेमध्ये तेथील पाणी चांगलेच गार असते. त्याऐवजी मेमध्ये जिरोना शहरात भरणारा फुलांचा उत्सव पाहावा. त्या दिवसांत जुन्या घरांची अंगणे सर्वांसाठी खुली असतात. राहण्याची जागा मात्र फार आधी ठरवावी लागते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्पेनसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा असतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. मेच्या गर्दीत मुलाखतीची वेळ मिळणे कठीण जाते, म्हणून जानेवारीतच कागदपत्रे गोळा करावीत.